अमिश पद्धतीची एंगेजमेंट

९ जानेवारी १९९४, रविवार
आज चौथं स्थळ. पोहे कच्चे. वर मुलीच्या काकांनी मला चालून दाखवायला सांगितलं. मला! काय तर म्हणे, पायात दोष नाही ना. शी!

संध्याकाळी वाचनालयात एका इंग्रजी मासिकात अमेरिकेतल्या अमिश लोकांबद्दल वाचलं. मोटार नाही, टीव्ही नाही. रविवारी सगळी तरुण मंडळी भजनं म्हणतात, मग मुलगा मुलीला आपल्या घोडागाडीतून घरी सोडतो. जमलं, की अंगठी नाही, घड्याळ देतो. आणि लग्न ठरलेलं गुप्त! लग्नाला दोन-तीन आठवडे उरले, की चर्चमध्ये एकदम जाहीर. याला म्हणतात संस्कृती. नाहीतर आपण! साखरपुड्यालाच तीनशे पानं उठतात.

ठरलं. मी अमिश पद्धतीनेच लग्न करणार. मुलगी : तळमजल्यावरची मिताली कर्णिक.

१६ जानेवारी
जुन्या पनवेलात देवळात भजन. येताना मितालीसाठी खास टांगा केला. तिची आईही चढली, फ्लॉवरच्या पिशवीसकट. मी पुढे टांगेवाल्याशेजारी. अमिश मुलगा गाडी हाकतो म्हणजे पुढेच बसत असणार. मितालीने विचारलं, स्कूटर बिघडली का.

३० जानेवारी
मितालीला टेबलावर ठेवायचं घड्याळ दिलं. कशाबद्दल, म्हणाली. सहज, म्हटलं. लाल झाली. आणखी काही ऐकायचं असल्यासारखी दारातच उभी राहिली. मी तडक जिना चढलो. एंगेजमेंट झाली!

३१ जानेवारी
एंगेजमेंट कडक गुप्त. आईला सांगितलं नाही, न्हावा शेव्याला ऑफिसात नाही. मितालीलासुद्धा नाही. अमिश लोक मुलीला सांगून बसतात. तिथेच ते कच्चे.

२० फेब्रुवारी
भामा मासेवालीने जिन्यात गाठलं. म्हणाली, दादा, तुमी वर, ती खाली, नुसतं बगत काय बसलाव, जाऊन इचारा, पोरगी काय जन्मभर थांबनार नाय. अडाणी बाई. यांना सगळं गावभर बोंबलायची सवय.

तरी संध्याकाळी खाली गेलो होतो. बेलवर बोट ठेवलं. एकदम तहान लागली. पाणी प्यायला वर आलो.

१३ मार्च
पाडव्याच्या भजनानंतर मी एंगेजमेंट जाहीर करणार. भाषण तयार, अडीच पानं. मितालीला धक्का बसेल. बसू दे.

११ एप्रिल, पाडवा
भजन संपलं. मी उभा राहिलो. तेवढ्यात कर्णिककाकाही उभे राहिले आणि बोलून मोकळे झाले : मितालीचं लग्न ठरलं, मुलगा द्रोणागिरीला इंजिनिअर. टाळ्या. मी उभाच होतो म्हणून पेढ्यांचं ताट माझ्याच हातात दिलं. वाटले.

१२ एप्रिल
साखरपुडा म्हणे हॉलमध्ये, बँड लावून. हौस बघा! असल्या लोकांना अमिश काय कळणार. सुटलो. ऑफिसला दांडी. डोकं दुखतंय.

१३ एप्रिल
मितालीची आई वर आली होती. मी आतल्या खोलीत. आईला सांगत होती, ते स्थळ दोनदा परत लावलं हो. पोरगी होळीपर्यंत थांबा म्हणत होती. म्हणे, वरून काही विचारणा येते का बघू.

त्या गेल्यावर आई आत आली. म्हणाली, प्रभाकर, तुला आवडत होती का रे मिताली?

छे, म्हटलं.