दगडावर न मावलेला शब्द

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, राहणार कारखान्यामागच्या दोन खोल्यांत, धंदा थडग्यांचे दगड कोरणे, हे माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. उजवा हात थरथरतो, पण त्याचा डोक्याशी संबंध नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांच्या मरणाची कामे वेळेवर देण्याच्या नादात माझे राहून गेले.

कलम १. दोन्ही खोल्या, कारखाना आणि अंगणातले सगळे कोरे दगड माझ्या पुतणीला द्यावेत. माझे लग्न झालेले नाही. तोंड फटकळ, त्यामुळे कोणाशी जमले नाही.

कलम २. छिन्न्या, हातोडे, गुण्या हेही तिचेच. मात्र लाकडी मोजपट्टी तिने सगळ्यांत आधी ताब्यात घ्यावी. ती तिच्या बापाची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची होती. आमच्या धंद्यात एकाने दगडावर खडूने अक्षरे आखायची आणि दुसऱ्याने ती कोरायची. आखायचा धाकटा, कोरायचो मी. गिऱ्हाइके येऊन अक्षराची वाहवा करायची आणि मी बाजूला धूळ झटकत उभा. एके दिवशी मी त्याला म्हणालो, "तुझ्यावाचून माझं काही अडत नाही." त्याने खडू खाली ठेवला, निघून गेला आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. मग तो वारला.

कलम ३. हे कलम मालमत्तेचे नाही. दगड सांगायला भावजय माझ्याकडेच आली. बायबलातल्या स्तोत्रांच्या पुस्तकातले तीन शब्द तिला त्यावर हवे होते: मी भिणार नाही. आखायला आता कोणी नव्हते. मी न मोजता, रागाच्या भरात मोठी अक्षरे धरली. "भिणार" पुरे झाले तेव्हा पुढे दोन बोटे दगड उरला होता. खाली नाव आणि तारखा आधीच कोरून झाल्या होत्या. दगड उलटून मागच्या बाजूवर सगळे नव्याने कोरता आले असते, आठवड्याचे काम होते. मी केले नाही. त्याच्यावाचून अडले हे मला कबूल करायचे नव्हते. भावजयीला सांगितले की दगडाला तिथे भेग होती. भेग नव्हती. हे मी शपथेवर लिहितो.

दगड आजही तसाच उभा आहे. त्यावर लिहिले आहे: मी भिणार.

लहानपणी मी धाकट्याला कारखान्यातल्या दगडांच्या कोठडीत कोंडायचो. गंमत म्हणून. तो रडायचा नाही. दार लावण्याआधीच सांगायचा, "दादा, नको ना लावूस. मी भिणार." तेच दोन शब्द. दगड बसवून परत आलो, हात धुवायला नळाखाली धरले, तेव्हा हे माझ्या ध्यानात आले. त्याला एकोणीस वर्षे झाली. दुपारी हातोडी थांबवली की कोठडीच्या दारामागे कोणी श्वास रोखून उभे असल्यासारखे वाटते. ते दार मी काढून जाळले. आता दार नाही, तरी तो आतच असतो.

कलम ४. धाकट्याचे स्तोत्रांचे पुस्तक, पुठ्ठा निघालेले, पुतणीला द्यावे. दगड बसवल्यानंतर महिनाभराने भावजयीने ते मला आणून दिले. मी तेव्हा एका हमालावर तोंड टाकत होतो. ती म्हणाली, "मोठे भाऊजी, रोज यातलं एक वाचा आणि मग ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर ओरडा." मी वाचायला घेतले ते तिला खोटे पाडायला. मला वाटले होते, आत सगळी गोडगोड माणसे असतील. ती स्तोत्रे रचणारा निघाला माझ्यासारखाच. वैऱ्यांचे दात पाड म्हणतो, देवाला झोपलास काय म्हणून विचारतो, आणि गाऱ्हाणे सांगता सांगता त्याचा आवाज उतरत जातो. रोज सकाळी मी त्याच्याबरोबर चढायचो आणि त्याच्याबरोबर उतरायचो. दीडशे संपली की पुन्हा पहिले. माझी जीभ जरा सुधारली, हमालाला विचारा. भीती मात्र गेली नाही. फक्त आता दुपारी तो श्वास जाणवला की मी बाहेर पळत नाही. कोठडीपाशी स्टूल ओढून बसतो आणि त्या दिवशीचे स्तोत्र मोठ्याने वाचतो. वाचून होईपर्यंत तो ऐकतो. मलाही शांत वाटते.

कलम ५. समोरच्या फोटोवाल्याने चौदा वर्षांपूर्वी नेलेली माझी शिडी त्यालाच द्यावी. परत मागायला कोणी जाऊ नये. ती लक्षात ठेवून मीच दमलो.

कलम ६. माझा दगड. अंगणातला करडा घ्यावा, तो धाकट्याच्या दगडाएवढाच आहे. त्यावर नाव नको, तारखा नकोत. एकच शब्द कोरावा: नाही. आखायचे काम पुतणीने करावे, तिच्या हातात बापाचे अक्षर उतरले आहे. उंची त्याच्या अक्षरांएवढी, ओळ त्याच्या ओळीत. दगड त्याच्या दगडाला लागून, बघणाऱ्याच्या उजव्या हाताला उभा करावा, म्हणजे त्याचे वाक्य पुरे होईल.

अडचण एवढीच की ती जागा भावजयीने स्वतःसाठी राखली आहे. तिची हरकत असेल तर हे कलम रद्द समजावे आणि मला कुठेही पुरावे. तिला मी या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही, ते रागाने नव्हे. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही असे कळले, आणि मला तिची साक्ष हवी आहे. भेगेचे खोटे तिला हे वाचतानाच कळेल. वाचून सही करावी, नाहीतर कागद ठेवून उठावे. माझे काही म्हणणे असणार नाही.

ठिकाण: कारखान्याची पुढची खोली.
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी अकरा. वेळ घड्याळजीने सांगितली.

लिहून ठेवणार: सही (वाकडी आहे, पण माझीच).

साक्षीदार १: चौकातला घड्याळजी. सही.

साक्षीदार २: मयत धाकट्या भावाची बायको. सही.
तिच्या हाताने खाली लिहिलेले: भेग नव्हती ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, मी दगडावरून हात फिरवून पाहिला होता. जागा दिली. मी डावीकडे येईन. या वेळी आधी मोजून घ्या.