तोडलेल्या ओळी

दादास, धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईला आधी एवढं सांग.

बाकी डोकं फिरलंय. त्या फ्रेंच गद्यकवितांचा माझा अनुवाद छापून आला. त्यात शहरातली गर्दी, खिडक्या, एकटी म्हातारी माणसं, सगळं सलग गद्यात होतं. प्रकाशकाने मला न विचारता प्रत्येक वाक्य मधेच तोडून खाली ढकललं. वर मलाच म्हणतो, "बाई, ओळी तुटक दिसल्या नाहीत तर लोकांना कविता वाटेल कशी?" माझं नाव काढा म्हटलं, तर पुढचं कामच काढून घेतलं. मिळेल दुसरं.

आईचे डोळे कसे आहेत? हे तिला एका दमात वाचून दाखव. मधेमधे थांबलास, तर तिला वाटेल मी रडत लिहिलंय.

तुझी तिरसट बहीण