याजकाच्या आईचा अंगरखा

प्रिय यामीन,

हे वाचून संपेपर्यंत हेब्रोनच्या वेशीबाहेर पाऊल टाकू नकोस. गाठोडं बांधलं असशील तर सोड. लग्न झाल्यापासून कधी ऐकलं नाहीस, निदान आज तरी ऐक. कुऱ्हाडीचा दांडा सैल झालाय, पाचर ठोक, म्हणून मी घसा फोडत होते. तेव्हा ऐकलं असतंस तर पातं उडालं नसतं, माझा शल्लूम वाचला असता आणि तू हेब्रोनला, चुकून जीव घेणाऱ्यांच्या आश्रयनगरात, खुन्यांच्या पंगतीला बसला नसतास. भाऊही माझाच गेला, नवराही माझाच अडकला. शिव्या तरी घालू कोणाला?

मुलं बरी आहेत. हानोखच्या बैलानं गुराख्याला शिंगावर घेतलं, तो बिचारा गेला. वडीलधाऱ्यांनी वेशीत बसून बैलाचा न्याय केला, बैल आपला रवंथ करत उभा. हानोखची सासू म्हणे, त्याच्या मनात कुठं वैर होतं, त्यालाही पाठवा की आश्रयनगरात! शेवटी धोंडमार झाली. असल्या बैलाचं मांस खायचं नाही, म्हणून गावाला गुराख्यापेक्षा मांसाचीच हळहळ जास्त. आणि चोर? अंधारात घरात शिरलेला चोर मारला तर दोष नाही, उजाडल्यावर मारला तर दोष. तेव्हा आमचे चोर हल्ली न्याहारीच्या वेळेला येतात.

आता ओथनीचं. शल्लूमच्या रक्ताचा सूड त्याच्याकडे आला, आणि माझा हा उरलेला भाऊ कायद्याचा किती पक्का, तुला ठाऊक आहेच. जेवायला माझ्याकडेच येतो. मसुराची आमटी ओरपत म्हणतो, "ताई, झकास झालीय. तुझा नवरा आश्रयनगराच्या हद्दीबाहेर दिसला की चिरतो बघ." आणि वाडगा पुढं करतो. मी वाढते. काय करू, पाठचा भाऊ आहे. मध्ये आपलं गाढव ओझ्याखाली बसलं. वैऱ्याचं गाढव पडलं तरी हात द्यावा असा कायदा, म्हणून हा धावत आला, तुझ्या सात पिढ्या उद्धरत त्याला उठवलंन आणि वर पाणीही पाजलंन.

त्याच ओथनीनं परवा दारात उभं राहून सांगितलं, "मुख्य याजक वारला." मुख्य याजक गेला की आश्रयनगरातले सगळे मोकळे, असा कायदा; म्हणजे तुम्ही सुटलात, आता ओथनीसुद्धा तुला बोट लावू शकत नाही! हसू की रडू कळेना. तुझ्यासाठी पीठ मळायला घेतलं, मुलांना सांगून टाकलं. हेब्रोनकडे निघालेल्या मीठवाल्यालाही त्यानंच बातमी दिली, म्हणजे तुझ्या कानावर गेलीच असणार.

पण पीठ मळता मळता बघते, तर हा सुरीला धार लावतोय. सूड संपला तर सुरी कशाला? विचारलं, तर अंथरूण उचलून हेब्रोनच्या वळणावर ओकाच्या झाडाखाली जाऊन बसला. खोटी अफवा उठवू नये हाही कायदाच, पण तेवढा एक मेल्यानं आमटीबरोबर गिळला. तरी खात्री कशी करणार? खरंच वारला असेल तर मी तुला उगाच कोंडून ठेवते, आणि नसेल तर तू थेट त्याच्या सुरीवर चालत येतोस.

आज विहिरीवर गाढवं पाणी प्यायला थांबली. पाठीवर लोकरी अंगरखे आणि अंजिराच्या ढेपा. याजकाची म्हातारी आई दरवर्षी तुम्हा लोकांना पाठवते तेच. तुमची पोटं भरलेली असावीत, अंगात ऊब असावी, म्हणजे तुम्ही तिच्या लेकाचं मरण मागणार नाही. गाढववाला हसत होता. काल सकाळी निघताना म्हातारीनं बजावलंय म्हणे, "लेकाला खोकला झालाय, लवकर पोचव, नाहीतर मेले प्रार्थनेला बसतील!"

म्हणून गाढववाल्याला तुझं नाव सांगून चामड्यावरचं हे पत्र तुझ्या अंगरख्यात शिवून पाठवतेय. ओथनी त्या गाठोड्याला हात लावणार नाही, दुसऱ्याच्या मालाचा कायदा अजून पाळतो. रोज तिच्या लेकाचं मरण मागणारी मीच होते, यामीन. आज तिची शिवण बघून तेही तोंडातून निघेना. अंगरखा हातात आहे ना? मग तो जिवंत आहे. लेक गेल्यावर कुठली आई खुन्यांसाठी विणत बसेल? घाल तो अंगात आणि बस तिथंच. ज्या वर्षी अंगरखा येणार नाही, त्या वर्षी घरी ये.

पीठ मळून वाट बघणारी, तुझीच,
होग्ला