सापसंदाचा वेल आणि अंजूला दिलेला शब्द

१४ जून
जनवाड्याला मेहुण्याच्या बांधावर सापसंदाचा वेल आहे. त्याचं रोप आणून लावलं. यावर काळी-लाल फुलपाखरं येतातच म्हणे. चौथीत गुरुजींनी फुलपाखरांची कविता पाठ करून घेतली होती. डोळे मिटले की अजून सगळा वर्ग फडफडतो. पुण्याहून नात अंजू फोनवर म्हणाली, ‘आबा, मागे मोर दाखवतो म्हणालात आणि कोंबडा दाखवलात.’ दिवाळीत फुलपाखरं दाखवणारच. शब्द दिला.

२ ऑगस्ट
वेल कंपाउंडवर चढला आणि अर्धा पलीकडं शिवय्याकडं उतरला. कृतघ्न! छाटतो म्हटलं, तर शिवय्या म्हणतो, ‘राहू द्या अण्णा, ह्याच्या वासानं साप फिरकत न्हाई.’ काव्यदृष्टी शून्य.

३० ऑगस्ट, सकाळी
घात! पानांवर अळ्या. काळ्याकुट्ट, अंगावर लाल काटे. औषध मारणार नाही. कवितेवर वाढलेला माणूस जीव घेत नाही. चिमट्यानं उचलून भिंतीपलीकडं टाकल्या.

१९ सप्टेंबर
रोज अळ्या, रोज चिमटा. आमची सत्यभामा म्हणते, ‘नातीच्या उवा काढल्यावानी काढायलाव की!’ दुपारी शिवय्याची सरुबाई भिंतीवरून ओरडली, ‘अण्णा, अळ्या कामून फेकायलाव इकडं?’ वाऱ्यानं आल्या असतील, म्हटलं.

१० ऑक्टोबर
एकही फुलपाखरू नाही. हवामान बिघडलंय. उद्यापासून वेलाजवळ खुर्ची टाकून कविता मोठ्यानं म्हणायची.

११ ऑक्टोबर
घसा बसला.

३० ऑक्टोबर
अंजू आली. वेल दाखवला. हिरवागार, एक पान कुरतडलेलं नाही. ती म्हणाली, ‘छान. फुलपाखरं?’ झोपलीत, म्हटलं.

३१ ऑक्टोबर
सत्यभामेनं अंजूला फराळाचं ताट देऊन शिवय्याकडं धाडलं. पोरगी परत येईना, म्हणून बोलवायला गेलो. तिकडच्या वेलाच्या नुसत्या काड्या उरलेल्या, भिंतीला रिकामे कोष, आणि काळी-लाल फुलपाखरं! सरुबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर, अंजूच्या केसांवर. शिवय्या तिला सांगत होता, ‘तुझ्या आबानंच धाडल्यात बाळ. रोज सकाळी, चिमट्यानं.’

अळीचं फुलपाखरू होतं, हे काय मला माहीत नाही? चौथीच्या विज्ञानात होतं. त्या तासाला मी कविता पाठ करत होतो, एवढंच.

अंजूला म्हटलं, बघ, पाळला की नाही शब्द?

ती म्हणाली, ‘आबा, बाजूला व्हा ना. सावली पडतेय त्यांच्यावर.’