वसंतरावांच्या समालोचनासाठी सर्व्हर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. अवनीस,

मावशीचा पोटभर आशीर्वाद. बंगळुरात तू वेळेवर जेवतेस अशी माझी समजूत आहे; खोटी असली तरी तशीच राहू दे. माझे गुडघे आपापल्या जागी आहेत. तुझे काका तसेच. उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून शब्द नाही, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. फुटबॉलच्या मैदानावर ज्यांनी माइक धरला की पंचही दचकायचे, ते दिवसभर खिडकीकडे बघत बसतात. मला बघवत नाही गं.

म्हणून तर त्यांची जुनी समालोचनं त्यांना ऐकवायचा घाट घातला. तू म्हणालीस, घरीच वेब सर्व्हर उभा कर, काकाही ऐकतील आणि पेठही मोबाइलवर ऐकेल. "सोप्पंय मावशी!" (हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.)

आधी विंडोज. सर्व्हर चढला, पण सुरू होईना. त्याच्या पोर्टवर, म्हणजे ये-जा करायच्या दारातच म्हणे, दुसराच प्रोग्राम ठाण मांडून बसलाय. त्याला मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मग शेजारच्या तेजस्वीने तिचा मॅक दिला, तर तो म्हणतो, हे सॉफ्टवेअर ओळखीचं नाही, उघडणार नाही. अगं, पेठेत दारात आलेल्या पावण्याला आधी पाणी देतात, चौकशा मागनं! शेवटी आमच्याच यंत्रावरचं विंडोज पुसून लिनक्स घातलं (समालोचनं आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवली, मी काही खुळी नाही) आणि सोर्स कोड आणून कंपाईल करायला घेतला. म्हणजे तयार चटणी न आणता मिरच्या निवडून कांडपावर न्यायच्या, तसला कारभार. लायब्ररी नावाचा एक सुटा भाग नाही म्हणून अडला. ती आणली, तर तिला दुसरी पाहिजे. अखेर पडद्यावर ओळी धावू लागल्या. जुनं यंत्र, वेळ लागणार, म्हणून मी अंबाबाईला जाऊन आले. परत येऊन बघते तर पडदा काळाठिक्कर आणि यंत्राला झेंडूची माळ! कामाच्या चिमणाबाईंनी वायर उपसून ते पुसलं होतं, हळदकुंकू वाहून पुढ्यात नारळ ठेवला होता. "आज खंडेनवमी न्हाय का वैनी? हत्याराला आज राबवायचं नसतंय." धर्म त्यांच्या बाजूला. मी त्या माळेसमोर उभी राहून यंत्राचाच उद्धार केला.

काल दसऱ्याला पुन्हा बसले. एक चूक नाही, एक अडथळा नाही. तालमीचा धैर्यशील मोबाइल कानाला लावून दारातनं ओरडला, "काकू, ऐकू येतंय की!" तेव्हा काम फत्ते. तुझे उपकार आहेत.

तुझी,
श्यामलामावशी

ता.क. काकांनी स्वतःचा आवाज ऐकला. मोबाइलकडे एकदा बघितलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

ता.क. २. आत्ता चिमणाबाई म्हणाल्या, "रडताय कशापायी? तुमी त्या मशिनीवर खेकसत हुता न्हवं, तवा सायेब रोज हसत हुतं की. खुदूखुदू. तुमची पाठ हुती, तुमास्नी कसं दिसंल?" तेव्हा बाई, सर्व्हर आत्ताच पुसून टाकलाय. तुझ्या माहितीत याहून किचकट ऑपरेटिंग सिस्टम असेल तिचं नाव ताबडतोब कळव. सोपी अजिबात नको. या वेळी मी त्यांच्याकडे तोंड करून बसणार आहे.