वेणी कोण घालतं?

विठ्ठलवाडी, ३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. संजीवनी हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून बोलणं मला जमत नाही, म्हणून आपला कागदच बरा. बातमी ही की तुझा दादा संशोधक झाला! हसू नकोस. रिटायर झाल्यापासून मी उल्हासनगरच्या इस्पितळात पेशंटच्या उशाशी बसतो, कोणाला अभंग म्हणून दाखवतो, सिंधी मोतीबाईंची झुलेलालची प्रार्थना ऐकतो, हे तुला ठाऊकच आहे. आता डॉक्टर तेजस्वी मॅडमनी मला त्यांच्या अभ्यासगटात घेतलंय. छातीतली गाठ काढायच्या ऑपरेशननंतर बायका हाताचा व्यायाम मध्येच सोडतात आणि हात आखडून बसतो. असं का होतं, ते शोधायचंय. मॅडम म्हणाल्या, आम्ही पाच मिनिटं भेटतो, तुम्ही तासभर बसता. एवढी शिकलेली बाई, पण मला शेजारची खुर्ची दिली. माझी एकच अट होती, बायका विश्वासाने जे सांगतात ते नावानिशी टेबलावर येणार नाही. त्यांनी ती लगेच मानली.

तुझ्या ऑपरेशनलाही दहा महिने झाले. डावा हात कसा आहे? दुखतो का?

तुझा जयदेवदादा

हेंद्रेपाडा, बदलापूर, ९ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी अख्ख्या बिल्डिंगला वाचून दाखवलं. दहावीला दोनदा गटांगळ्या खाल्लेला माझा भाऊ डॉक्टरांच्या टेबलाशी बसतो! मस्करी पुरे. मला तुझा फार अभिमान वाटतो. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी तू नुसता हात धरून बसला होतास, ते मी विसरलेले नाही.

हात छान आहे, अजिबात दुखत नाही. व्यायामाला जाणं मात्र सोडलं. मला न्यायचं तर सुनेला कामावर खाडा पडतो. तेजल गुणी आहे हो, अंबरनाथ एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायच्या घाईतही रोज माझी वेणी घालून जाते.

लोभ आहेच, पत्रातूनही दिसत राहो.

तुझी संजीवनी

विठ्ठलवाडी, १८ नोव्हेंबर

चि. सौ. संजीवनी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात ठेवूनच मीटिंगला गेलो. फॉर्मवर सगळ्या बायकांनी दुखणं दहापैकी एक नाहीतर दोन सांगितलेलं, तरी व्यायामाला कोणी येत नाही. मॅडमना कोडं सुटेना. मला तुझी वेणी आठवली. स्वतःच्या लग्नातसुद्धा केसांना कोणाला हात लावू न देणारी तू! घाबरत घाबरत म्हणालो की दुखतं का असं विचारलं की आपल्या बायका बरं आहे म्हणतात, शेजारी सासू किंवा सून असली तर हमखास. त्यापेक्षा वेणी कोण घालतं ते विचारा, हात डोक्यापर्यंत जातो की नाही ते कळेल.

मॅडम पेन खाली ठेवून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वीस जणींना विचारलं, तर चौदा जणींची वेणी दुसरंच कोणीतरी घालत होतं. आता तो प्रश्न फॉर्मवर छापलाय.

सगळे शाबासकी देतात आणि मला लाज वाटते. दहा महिने तुला मी तोच चुकीचा प्रश्न विचारत होतो आणि तुझं उत्तर वाचून निर्धास्त होत होतो. तुझं नाव मी कुठे घेतलेलं नाही. आता दुखतो का, हे विचारतही नाही. गुरुवारी दहा वाजता इस्पितळात व्यायामाच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला असेन.

वाट बघणारा, दादा

हेंद्रेपाडा, २२ जानेवारी २०२६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

त्या गुरुवारी तू दुखतो का असं विचारलं नाहीस, म्हणून मला मॅडमना दुखण्याचा आकडा दहापैकी आठ सांगता आला. खरं तर नऊ होता, तुझ्यासमोर एक कमी केला. तेजलला कळलं तेव्हा ती आधी रडली, मग माझ्यावर चिडली. आता तिने भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्यात. हात रोज एक खूण वर न्यायचा, अशी सक्त ताकीद आहे. तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग आणि तुझी खुर्ची सोडू नकोस.

आहे हा लोभ असाच ठेव.

तुझी संजीवनी

ता. क. आज सकाळी वेणी मी घालायला घेतली. अर्ध्यावर हात खाली आला, पुढची तेजलने पुरी केली. वरची अर्धी सैल आणि वाकडी आहे, ती माझी.