उचगावच्या ओतशाळेचा भाव कोणी लिहायचा

मी, हंबीरराव दत्ताजी इंगवले, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं जाग्यावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. कोणी मला भरीस घातलेलं नाही. प्रयत्न झाला, तो पुढे येईलच.

मला दोन अपत्यं: थोरला धैर्यशील, धाकटी संयोगिता. त्यांची आई चिमणाबाई हयात नाही.

१. राहतं घर धैर्यशीलला. माडीवर माझी शाळेची कवितांची पुस्तकं आहेत, तीही त्यालाच. त्याला कविता आवडत नाहीत, म्हणूनच. आमचे गुरुजी डोळे मिटून कविता म्हणायचे आणि अख्खा वर्ग नदीकाठी जाऊन बसायचा. धैर्यशीलनं निदान एक तरी मोठ्यानं म्हणून बघावी.

२. बँकेतल्या सगळ्या ठेवी संयोगिताला. "पोरीला एवढं कशाला?" असं धैर्यशील विचारणार. उत्तर चौथ्या कलमात आहे.

३. साच्याची वाळू चोपायची माझी पितळी मुठीची थापी चमन मिस्त्रीला. आयुष्यभर त्यानं माझे साचे भरले. लोखंडाचा रस ओतताना शेडमध्ये उजेड पडला की मला हटकून एखादी ओळ आठवायची आणि तो ओरडायचा, "मालक, कविता मागनं म्हणा, आदी पळी धरा!" मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, म्हणून त्याची घेतलेली नाही.

४. उचगावची ओतशाळा, जागा आणि भट्टीसकट, दोघांना निम्मी-निम्मी. मात्र अट आहे, आणि ती का घातली तेही लिहितो.

दिवाळीनंतर धैर्यशील म्हणाला, "आबा, भांडवली नफ्याचा कर बदलणार हाय म्हणत्यात. बजेटच्या आत धंद्याचं मूल्यांकन करून घिऊ. संयोगीचा हिस्सा त्याच भावानं माझ्याकडं करू. कटकट मिटली." मूल्यांकन करणारे गृहस्थ आले, ऑफिसात चहा प्यायले आणि गेले. भट्टीकडे फिरकले नाहीत. रिपोर्टात मात्र भट्टी भंगारात! रक्कम मी इथे लिहीत नाही. लिहिली की तीच खरी वाटायला लागेल.

वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या मागं पोरांना मिळताना हा कर लागत नाही. विकलं तरच लागतो." मग विकायचं नसेल तर घाई कसली?

पुढच्याच आठवड्यात चमन घरी आला. "मालक, पावणं आलंतं गाडीतनं. भट्टीकडं बघितलं बी न्हाय. रस्ता किती फुटी, तेवढंच इचारलं."

धैर्यशीलला विचारलं. "गिऱ्हाईक हाय आबा." "ओतकामाचं?" म्हटल्यावर फोन आला म्हणून बाहेर गेला. फोन वाजलेला मला ऐकू आला नाही, आणि माझे कान शाबूत आहेत.

संयोगिता रोज गडमुडशिंगीहून स्कूटरवर येते, साच्याच्या वाळूची ओल मुठीत दाबून सांगते. तिला ओतशाळा चालवायची आहे. तरी हिस्सा भावाच्या नावे करायच्या कागदावर सही करायला निघाली होती. "दादा फसवील व्हय मला, आबा?" मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच हे कलम.

चिमणाबाई गुळाची भेली आणली की बत्ता धैर्यशीलच्या हातात द्यायची. फोडायची त्यानं, आधी उचलायचं संयोगितानं. पोरगं मोजपट्टी घेऊन बसायचं! गुळावरनं आमच्या घरात कधी भांडण झालं नाही.

तीच रीत इथे लागू. माझं तेरावं झाल्यावर धैर्यशीलनं भट्टी पेटती असताना मूल्यांकन करून घ्यावं आणि निम्म्या हिश्श्याचा भाव स्वतःच्या हातानं लिहावा. मग संयोगितानं निवडावं: लिहिलेल्या भावात आपला हिस्सा धैर्यशीलला द्यायचा, की त्याच भावात त्याचा हिस्सा आपण घ्यायचा. जो कर बसेल तो ज्याचा त्यानं भरावा.

पोरा, जुनाच रिपोर्ट जोडायचा असेल तर बेलाशक जोड. तेवढ्या रकमेला बहिणीकडच्या ठेवी पुरून उरतात. मी बघितलंय.

५. हे पाकीट वकिलांकडे बंद राहील. माझ्या हयातीत ते धैर्यशीलच्या हाती पडू नये. आत्ताच तो दारातनं विचारून गेला, "काय लिवताय आबा?" मी म्हटलं, "कविता."

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली.

हंबीरराव दत्ताजी इंगवले

आमच्यासमक्ष सही झाली, म्हणून साक्ष:
१. बाळासो रामचंद्र सासने, शेजारी
२. डॉ. तेजस्वी विजयसिंह घोरपडे

कोल्हापूर, ९ जानेवारी २०२६